शेजारच्या पंपातले मस्करडाईन

संपादक महोदय,

तूर फुलोऱ्यात आली की कृषी पानांवर आणि मोबाइलवरच्या सल्ल्यांत एक वाक्य हमखास दिसते: शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी बिव्हेरिया बॅसियाना लिटरला ५ ग्रॅम किंवा बीटी फवारा, जैविक आहे, अपाय नाही. तुरीपुरता हा सल्ला बरोबर आहे. प्रश्न ‘अपाय कोणाला नाही’ हा आहे. जालना, बीड, परभणी, धाराशिव या भागांत त्याच तुरीच्या बांधाला लागून तुती असते आणि तुतीच्या टोकाला रेशमाची शेड. शेतकऱ्याच्या रानात मारायच्या अळ्या पुष्कळ, जगवायची अळी ही एकच. बिव्हेरिया ही बुरशी आणि बीटी हा जिवाणू; दोघांनाही हा भेद कळत नाही. किंबहुना, ज्या दोन सूक्ष्मजीवांच्या पुड्या आज दुकानात मिळतात, ते दोन्ही जगाला ठाऊक झाले ते रेशीम अळीच्या मढ्यावरून. सल्ला लिहिणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटलेली दिसते, म्हणून हे पत्र.

आधी बिव्हेरियाचे पाहू. इटलीत लोदी गावच्या परिसरात आगोस्तीनो बासी या गृहस्थांनी रेशीम अळ्या पांढऱ्या पडून खडूसारख्या कडक का होतात, याचा पंचवीसेक वर्षे पिच्छा पुरवला. हवा, खाद्य, उष्णता, सगळे तपासून झाल्यावर १८३५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की मेलेल्या अळीवरची पांढरी भुकटी निरोगी अळीला लागली की तोच रोग होतो, आणि ती भुकटी म्हणजे जिवंत बुरशी आहे. प्राण्याचा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो याचा हा पहिला भक्कम पुरावा. पाश्चर आणि कॉख यांच्याही आधीचा. पुडीवर छापलेल्या ‘बॅसियाना’त आहेत ते हेच बासी. म्हणजे शेतकरी पंपात जे ओततो, त्याचे नावच रेशीम अळीच्या रोगावरून पडलेले आहे. त्या रोगाला आपल्याकडे मस्करडाईन म्हणतात.

बीटीची कथाही तशीच. १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता यांनी रेशीम अळ्या अचानक कोलमडून मरण्याच्या रोगातून एक जिवाणू वेगळा केला. त्या रोगाला तिकडे ‘सोत्तो’ म्हणत, म्हणजे एकाएकी कोसळणे. पुढे १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना तसाच जिवाणू थुरिंजियातल्या एका गिरणीच्या पिठात वाढणाऱ्या पतंगाच्या अळीत सापडला, आणि त्याचे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव त्या मुलखावरून रूढ झाले. नाव पिठातल्या अळीचे, पण पहिला बळी रेशीम अळीचा. जपानला याची आठवण होती. तिथे बीटी फवारणीला परवानगी मिळायला १९८०चे दशक उजाडले, कारण रेशीम व्यवसायाला तिची धास्ती होती. शेवटी जी उत्पादने आली त्यांत बीजाणू मारून फक्त विषारी स्फटिक ठेवलेलेही होते, म्हणजे निदान जिवाणू तरी तुतीत आणि शेडमध्ये वाढत राहू नये. आपल्याकडे रेशीम पसरले आणि जैविक कीडनाशकेही पसरली. दोन्हींना प्रोत्साहन मिळाले, पण एकाच्या माहितीपत्रकात दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

कीटक आणि त्यांच्या अंगातले सूक्ष्मजीव यांचे नाते सगळीकडे वैराचे नसते. कपाशीवरचा मावा त्याच्या पेशींत राहणाऱ्या बुखनेरा जिवाणूवाचून जगू शकत नाही. पानाच्या रसात जी अमिनो आम्ले नसतात ती तो जिवाणू त्याला करून देतो. रेशीम अळीची गोष्ट उलटी आहे. तिला निर्जंतुक कृत्रिम खाद्यावर, पोटात एकही जिवाणू नसताना वाढवून दाखवलेले आहे. तिच्या पोटात असतात ते बहुतेक पानाबरोबर आलेले पाहुणे, आणि ते माजू नयेत याची सोय म्हणजे तिच्या आतड्यातला तीव्र अल्कधर्मी रस. ही तटबंदी बऱ्याच जिवाणूंना रोखते. बीटीला मात्र तीच दार उघडून देते.

हे कसे होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण उपाय चुकतात ते इथेच. बीटीचा बीजाणू तयार होताना त्याच्याशेजारी प्रथिनाचा एक स्फटिक बनतो. माणसाच्या आम्लधर्मी जठरात तो काही करत नाही. अळीच्या आतड्यात सामू साडेनऊ-दहाच्या घरात असतो. तिथे स्फटिक विरघळतो, पाचकरस त्याला कापून कामाला लावतात, आणि तो आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना भोके पाडतो. काही तासांत अळी खाणे थांबवते. त्यानंतर आतड्यातले जिवाणू रक्तात उतरतात आणि अळी काळी पडून सडते. फवारणीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कुर्स्ताकी गटात क्राय-१-एए नावाचे प्रथिन असते आणि रेशीम अळीला तेच फार बाधते. अशा वेळी काही जण अळ्यांना प्रतिजैविक पाजतात. मारणारी वस्तू जिवाणू नसून आधीच तयार असलेले प्रथिन असेल, तर प्रतिजैविक कोणाला मारणार? ते सडणे थोडे लांबवते, भोके बुजवत नाही. खरा उपाय एकच: संशयित पाला तत्क्षणी उचलून बाहेर काढणे आणि खात्रीचा पाला घालणे. कमी मात्रा पोटात गेलेल्या काही अळ्या त्यातून सावरतात.

ओघात एक गैरसमज. शेजारी बीटी कपाशी आहे म्हणून रेशीम मेले, असे गावोगाव बोलले जाते. बीटी कपाशीतले प्रथिन झाडाच्या आत असते, ते फवाऱ्यासारखे उडून येत नाही. शिवाय त्यातले क्राय-१-एसी हे प्रथिन रेशीम अळीला क्राय-१-एएच्या मानाने बरेच सौम्य पडते. कपाशीच्या रानातून येते ते त्या कपाशीवर मारलेले कीटकनाशक. बियाण्याला दोष देऊन पंप मोकळा सुटतो.

बिव्हेरियाला पोटात जावे लागत नाही. बीजाणू कातडीला चिकटतो, दमट हवेत साधारण दिवसभरात रुजतो, कातडी विरघळवणारी पाचकद्रव्ये सोडून आत घुसतो आणि रक्तात वाढू लागतो. अळी सहसा ३ ते ७ दिवसांत मरते. लहान अळी लवकर, मोठी उशिरा. हवेत ९० टक्क्यांवर आर्द्रता आणि पंचविशीच्या आतबाहेरचे तापमान असले की बुरशीची दिवाळी. आपल्याकडे असे दिवस पावसाळ्यात आणि हिवाळ्यात येतात, आणि सोयाबीन, तूर, हरभरा यांच्यावरची जैविक फवारणीही नेमकी याच महिन्यांत असते. उन्हाळ्यात मस्करडाईन फारसा दिसत नाही.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून साधा गुणाकार. बाजारातल्या १.१५ टक्के भुकटीत ग्रॅममागे किमान १० कोटी बीजाणू असावे लागतात. लिटरला ५ ग्रॅम म्हणजे ५० कोटी. १६ लिटरच्या बॅटरी पंपात ८०० कोटी. दुसरीकडे १०० अंडीपुंजांतून (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) निघतात ४५ ते ५० हजार अळ्या. या अळ्या एकमेकींना चिकटून, एकाच बेडवर, ओलसर फांद्यांच्या थरांत असतात. हजारो वर्षे माणसाळलेला हा कीटक. उडून जाणे त्याला जमत नाही, उन्हात जाऊन अंग शेकणे जमत नाही. तुरीवरच्या अळीला पानाआड लपता येते, ऊन मिळते, अंतर मिळते. बेडवरच्या अळीला यातले काहीच मिळत नाही, आणि पहिली मेलेली अळी उचलली नाही तर तिच्या अंगावरून पुन्हा कोट्यवधी बीजाणू तयार होतात. वाऱ्याने आलेली चिमूटभर भुकटी शेडमध्ये स्वतःचे दुकान मांडते ती अशी.

सगळ्याच बिव्हेरिया सारख्या नसतात, हेही सांगायला हवे. दुसऱ्या कीटकावरून वेगळे केलेले काही स्ट्रेन रेशीम अळीला सौम्य पडतात, काही पक्के जहर ठरतात. पण पुडीवरचा स्ट्रेनचा सांकेतिक क्रमांक पाहून शेतकऱ्याला यातले काहीही कळत नाही. म्हणून प्रत्येक पुडी घातक समजून चालणे शहाणपणाचे. हुमणीसाठी वापरतात त्या मेटारायझियम बुरशीचेही तेच. त्याने होतो तो हिरवा मस्करडाईन. आणि दरवेळी दोष शेजाऱ्याचाच असतो असेही नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सोयाबीनवर अळ्या पांढऱ्या-हिरव्या पडून पानालाच चिकटून मेलेल्या दिसतात. ती बुरशी रानातली, कोणी न फवारलेली. तुतीवरची पाने गुंडाळणारी अळीसुद्धा असे रोग शेडपर्यंत आणते.

आता शेडपर्यंतच्या वाटा. वारा ही उघड वाट. दुसरी वाट पंपाची: बिव्हेरियासाठी वापरलेला पंप, बादली किंवा ड्रम नुसता खंगाळून तोच शेड निर्जंतुक करायला किंवा तुतीवर पाणी मारायला घेतला जातो. तिसरी वाट माणूस. सकाळी तूर फवारून त्याच कपड्यांनी दुपारी फांद्या घालणारा घरचाच गडी हा वाऱ्यापेक्षा भरवशाचा वाहक आहे. चौथी वाट पुड्यांची: उरलेली भुकटी शेडच्या माळ्यावर, पाल्याच्या खोलीत ठेवलेली आढळते, आणि बहुतेकदा तोंड उघडे. पाचवी, सगळ्यांत दुर्लक्षित वाट शेणखताची. खतात मेटारायझियम किंवा बिव्हेरिया मुरवून उसाला देतात, ते उत्तम. पण त्याच उकिरड्यावर रेशमाचा उरलेला पाला, विष्ठा आणि मेलेल्या अळ्या टाकल्या की बुरशीला आयते घर मिळते, आणि ते खत तुतीला गेले की फेरा पूर्ण होतो. उघड्यावर पानावर पडलेले बीजाणू उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर मरतात. सावलीत, मातीत आणि कचऱ्यात ते महिनोन् महिने टिकतात.

नुकसान दिसते तेव्हा ते कशाचे आहे, हे ओळखण्यात मोठा घोळ होतो. कीटकनाशक पोटात गेले तर मिनिटांत किंवा तासाभरात अळी डोके हलवते, हिरवट रस ओकते, आक्रसते. बीटीत ओकारी हे मुख्य लक्षण नसते. खाणे एकदम थांबते, अळी डोके वर धरून निपचित होते, मागचा भाग मऊ पडतो, नंतर ती काळपट होऊन दुर्गंधी सुटते. हे एकाच वेळच्या पाल्यावर, एका रांगेत दिसते. मस्करडाईन आस्ते कदम येतो: आज चार, उद्या चाळीस. अंगावर तेलकट ठिपके, हालचाल मंद, मेल्यावर अळी आधी मऊ आणि लवचिक, मग कडक, आणि दिवस-दोन दिवसांत पांढरी. सडका वास नसतो, ही मोठी खूण. ग्रासरी या विषाणूच्या रोगात अळी फुगते, कातडी चकाकते, पेरे सुजतात, टोचले की दुधासारखा द्रव येतो आणि ती बेडच्या कडेला फिरत राहते. शंका असेल तर मेलेल्या चार-पाच अळ्या झाकणाच्या डबीत ओल्या कापसावर ४८ तास ठेवाव्यात. पांढरी पूड आली तर बिव्हेरिया, हिरवी आली तर मेटारायझियमचा घराणा, काळा चिखल झाला तर जिवाणूकडे बोट. ही डबी शेडमध्ये मात्र उघडू नये! (अळ्या पिकूनही कोष विणत नाहीत, हा प्रकार यांपैकी कशातही बसत नाही, तिथे संप्रेरकासारखे काम करणाऱ्या कीटकनाशकाचा संशय घ्यावा. तो स्वतंत्र पत्राचा विषय.)

अळीच्या पाचव्या, म्हणजे कोषाआधीच्या अवस्थेच्या शेवटी शेवटी बुरशी लागली तर शेडमध्ये काहीच दिसत नाही. अळी कोषावर जाते, कोष विणते आणि आत मरून वाळते. बाजारात असा कोष हलवला की खुळखुळतो आणि वजनात मार खातो. म्हणूनच बेडवर जंतुनाशक भुकटी धुरळण्याची वेळ प्रत्येक कातीनंतर आणि शिवाय पाचव्या अवस्थेच्या चौथ्या दिवशी, अशी ठरवलेली आहे. कातीनंतरच का? कात टाकताना जुन्या कातडीबरोबर तिला चिकटलेले बीजाणू निघून जातात, पण नवी कातडी मऊ असते आणि पहिल्या तासांत तीच सगळ्यात कच्ची. ९५ टक्के अळ्या कातीतून उठल्या की धुरळणी करायची, अर्धा तास थांबायचे आणि मगच पाला घालायचा. ‘विजेता’सारखी भुकटी १०० अंडीपुंजांना पूर्ण पिकात ४ ते ५ किलो लागते. पैसे वाचवायला ती निम्मी करतात किंवा पाला घातल्यावर वरून मारतात. तेव्हा ती अळीवर पडतच नाही, पानावर पडते. पावसाळा-हिवाळ्यात मस्करडाईनसाठी ‘विजेता सप्लिमेंट’ची जोड घ्यावी. अळ्या कातीत बसल्या की बेडवर विरलेल्या चुन्याची धुरळणी करावी. चुना बुरशी मारण्यापेक्षा बेड कोरडा ठेवण्याचे काम जास्त करतो, आणि कोरडा बेड म्हणजे न रुजलेला बीजाणू.

शेडच्या निर्जंतुकीकरणातली चूक जवळजवळ ठरलेली असते. आधी झाडलोट, मग पाण्याने धुणे, मग औषध, हा क्रम आहे. धूळ-विष्ठा तशीच ठेवून वरून ब्लीचिंग मारले तर क्लोरीन त्या घाणीतच खर्च होते. प्रमाण: १०० लिटर पाण्याला २ किलो ब्लीचिंग पावडर आणि ३०० ग्रॅम विरलेला चुना, पावडर ३० टक्के क्लोरीनची आणि ताजी हवी. गेल्या हंगामातले अर्धे पोते ओलाव्याने निकामी झालेले असते. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबले नाही तर ते फरशी पांढरी करण्यापलीकडे काही करणार नाही. फरशीच्या दर चौरस मीटरला दीड ते दोन लिटर द्रावण धरतात. २० बाय ५० फुटांच्या शेडला नुसत्या फरशीच्या हिशेबाने १४० ते १८५ लिटर होते. भिंती, पत्रा, रॅक आणि बाहेरचा ओटा धरून त्याहून जास्त. ‘दोन पंप मारले’ हे निर्जंतुकीकरण नव्हे. लोखंडी रॅकला ब्लीचिंग खाते, तिथे क्लोरीन डायऑक्साइडचे द्रावण वापरावे. हे काम दोनदा करायचे असते: कोष काढल्यावर लगेच, आणि पुढची चॉकी (केंद्रात वाढवलेल्या लहान अळ्या) येण्याच्या तीन-चार दिवस आधी.

रोग दिसल्यावर पहिली धाव पाणी मारून खोली थंड करण्याकडे असते. मस्करडाईनमध्ये तेच घातक ठरते. खिडक्या उघडा, बेड पातळ करा, ओला पाला घालू नका. मेलेल्या अळ्या पांढऱ्या होण्याआधी चिमट्याने वेचून ब्लीचिंगच्या द्रावणाच्या बादलीत टाका. दिवसातून एकदा नव्हे, दर खाद्याच्या वेळी. केरसुणीने कोरडे झाडू नका, बीजाणू धुळीबरोबर अख्ख्या शेडभर उडतात. त्या अळ्या कोंबड्यांना घालू नका, उकिरड्यावर टाकू नका; जाळा किंवा खोल पुरून वर चुना टाका.

हे सारे शेडच्या आतले झाले, आणि ते रेशीमवाल्याने करायचे. बांधावरचे काम मात्र दोघांचे आहे. अंड्यातून आईकडून येणारा पेब्रीन हा रोग रोखायला पाश्चर यांच्या काळापासून व्यवस्था आहे: अंडी घातलेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, बीजाणू दिसले तर अंडी नष्ट. अंडीपुंज केंद्रे आजही याच चाळणीवर चालतात. वाऱ्याने येणाऱ्या मस्करडाईनला अशी चाळणी नाही. त्याला अडवणारी गोष्ट एकच, शेजाऱ्याला तारीख माहीत असणे. चॉकी केंद्रातून तिसऱ्या अवस्थेच्या तोंडावर अळ्या आल्यापासून त्या कोषावर जाईपर्यंत साधारण १६ ते १८ दिवस लागतात. एवढे दिवस, आणि पाला कापण्याआधीचा एक आठवडा, बांधालगत बिव्हेरिया, मेटारायझियम, बीटी फवारायचे नाही, इतके ठरले तरी निम्मे काम होते. गावात रेशीमवाल्यांचा व्हॉट्सअॅप गट असतोच. त्यात फक्त भाव टाकतात, चॉकीची तारीखही टाकावी आणि शेजारच्या तूर-सोयाबीनवाल्यालाही त्यात घ्यावे. फवारणे टळतच नसेल तर वारा तुतीकडून पिकाकडे असताना, नोझल खाली धरून, संध्याकाळी फवारावे. तुतीच्या बांधाकडच्या चार-पाच ओळींचा पाला रेशमाच्या त्या पिकाला वापरू नये.

संशयित पाला तपासायची एक घरगुती रीत आहे: वीस-पंचवीस अळ्या वेगळ्या काढून त्यांना तो पाला २४ तास घालून पाहणे. कीटकनाशक आणि बीटीसाठी ती कामाची आहे. बिव्हेरियासाठी फसवी आहे, कारण २४ तासांत बुरशी जेमतेम रुजलेली असते, अळ्या ठणठणीत दिसतात आणि माणूस निर्धास्त होऊन सगळा पाला घालतो.

यावर कोणी म्हणेल, मग रासायनिकच बरे. मुळीच नाही. क्लोरँट्रॅनिलीप्रोलसारखे औषध रेशीम अळीला अत्यल्प मात्रेतही मारते आणि पानावर दीर्घकाळ टिकते. बिव्हेरियापासून सुटका म्हणून त्याच्याकडे वळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. निंबोळी अर्कही सोवळा नाही, त्यातल्या घटकाने अळीची कात बिघडते. तुतीजवळ त्यालाही वाऱ्याचाच नियम लावावा. तुतीच्या शेजारच्या तुरी-हरभऱ्याला सोयीचा जैविक उपाय आहे तो घाटेअळीचा (म्हणजे याच शेंगा पोखरणाऱ्या अळीचा) विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, हेक्टरी २५० ते ५०० एलई (विषाणूची मात्रा मोजायचे अळी-समतुल्य एकक). हा विषाणू त्या अळीपुरताच आहे, रेशीम अळीची ग्रासरी त्याने होत नाही. उन्हाने तो लवकर निकामी होतो, म्हणून संध्याकाळी आणि द्रावणात थोडी नीळ मिसळून फवारतात. जोडीला हेक्टरी ५ कामगंध सापळे आणि पक्षी थांबे. ट्रायकोडर्मा बुरशी असली तरी ती या भानगडीत नाही. तुतीच्या मूळकुजीसाठी ती जरूर वापरावी. बुरशी म्हटले की सगळ्यांनाच एका सुळावर चढवायचे कारण नाही.

कृषी सेवा केंद्रांनी पुडी देताना ‘शेजारी तुती आहे का’ एवढे विचारावे. रेशीम उत्पादकाला अनुदानाच्या किंवा प्रात्यक्षिकाच्या संचातून बिव्हेरिया-मेटारायझियम देताना देणाऱ्यानेही दोनदा विचार करावा. ज्याच्या घरी कापूस आणि रेशीम दोन्ही आहे, त्याच्या एका हाताचे दुसऱ्या हाताला नडते. आणि आपल्या कृषी पानाकडे मागणी फार लहान आहे. बिव्हेरिया, मेटारायझियम किंवा बीटीचा सल्ला छापाल, तेव्हा प्रमाणाच्या ओळीखाली, त्याच अक्षरांत, एवढे छापा:

‘जवळ तुती किंवा रेशीम शेड असल्यास हे फवारू नये; शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी एचएएनपीव्ही वापरावा. फवारणीचा पंप व कपडे शेडमध्ये नेऊ नयेत.’

आपले,
रेशीम संगोपन आणि कीटकरोगशास्त्राशी संबंधित काही वाचक
(मराठवाडा)